पंधरा चकत्या

बळीराम : हे तर लेकरायचं काम झालं, म्याडम. मी म्हणलं मोठी मशीन असंन, अन् तुम्ही रंगाच्या चकत्या देऊन राहिल्या!

नूपुर : मशीन झाली ना काका मघाशी. आता ही परीक्षा. या पंधरा सुट्या चकत्या. ही निळी डब्यात चिकटवलेली आहे. तिच्या रंगाला सगळ्यात जवळची चकती शोधायची, तिच्या शेजारी ठेवायची. मग त्या चकतीला जवळची. असं करत सगळ्या लावायच्या.

बळीराम : निळ्यापासून सुरुवात? जय भीम! बरोबर दवाखान्यात आलो मी.

अंजनाबाई : गमती नका करू. बाहेर पेशंट बसून आहेत.

नूपुर : करू द्या, काकू. सकाळपासून या खोलीत कोणी हसलेलं नाही. काका, डाव्या डोळ्याला माझी बोटंही मोजता आली नाहीत, म्हणून तो झाकलाय. आता फक्त उजव्यानं बघायचं.

बळीराम : डावा मोतीबिंदूनं गेला. पिकला असंन चांगला. तुम्ही तारीख द्या, काढून टाकू. उजवा टनाटन आहे.

नूपुर : शिबिरातल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू नाही असं लिहिलंय.

बळीराम : शिबिरात काय, बापा! एका घंट्यात दोनशे लोक. कोणाच्या डोळ्यात काय पाहिलं त्यायलेच माहीत.

नूपुर : आम्हीही बघितलं. भिंग खरंच स्वच्छ आहे. काका, दोन वर्षांपूर्वी तुमच्या नाकामागच्या पोकळीत कॅन्सरची गाठ होती, बरोबर? तेहतीस वेळा रेडिएशन घेतलंय.

बळीराम : तेहतीस शेक. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून झोपवत होते. पण ते नाकाचं होतं. गाठ गेली, बात खतम. त्याचं इथं काय?

अंजनाबाई : अहो, तुम्ही चकत्या लावा ना आधी.

बळीराम : लावतो वं. म्याडम, तुमचं घर नागपुरातच?

नूपुर : हो, प्रतापनगरला.

बळीराम : मंग बर्डीच्या बाजारात येत असान तुम्ही. कपड्याच्या लायनीत शिरलं की डाव्या हाताले, पायऱ्यांवर, माहा टेबल आहे. रफूवाला बळीराम. छत्तीस वर्षं झाले. सिगारेटनं भोक पडू द्या, उंदरानं खाऊ द्या, मी त्यात असा धागा भरतो का मालकाले भोक सापडत नाही. अन् मले तुम्ही पंधरा रंग लावाले सांगता! माह्या डब्यात काळेच अकरा जातीचे आहेत.

नूपुर : काळे अकरा?

बळीराम : वकिलाच्या कोटाचा काळा वेगळा, छत्रीचा वेगळा, बुरख्याचा वेगळा. बुरख्याच्या काळ्यात थोडा निळा असते. कोटाच्या काळ्यात थोडा तांबूस. सांगून समजत नाही ते, पाहावं लागते. तुमच्या दवाखान्यात मात्र रंगाची किंमत नाही. मघाशी ते बाटलीचं झाकण दाखवून विचारलं, कोणता रंग. मातकट, फिक्कं झाकण. एवढा मोठा दवाखाना अन् झाकण पाहा.

नूपुर : हं. काका, सर आवाज देताहेत. तुम्ही लावायला घ्या. मी दोन मिनिटांत आले.

बळीराम : या, या. तवर होऊन जाते. ... हे घे. ही गेली. ही तिच्या बाजूनं. ... अंजना, चूप काहून बसली?

अंजनाबाई : तुमचं चालू आहे ना.

बळीराम : ही अन् ही तर कपड्याच्या एकाच थानातली दिसते. ... झालं. पाह्य. झालं का नाही?

अंजनाबाई : हाव.

बळीराम : दारातून म्याडम दिसून नाही राहिल्या अजून. मागं खडखड कायची करून राहिली वं?

अंजनाबाई : डबा टेबलाच्या काठाले आला होता. सरकवला.

बळीराम : लागल्या ना बरोबर?

अंजनाबाई : लागल्या.

बळीराम : तुह्या आवाजाले काय झालं?

अंजनाबाई : एसी लागून राहिला.

नूपुर : झालं, काका? बघू. प्रत्येक चकतीच्या खाली आकडा असतो. उलटी करते. एक. दोन. तीन, चार, पाच ... दहा ... चौदा, पंधरा. एकही चूक नाही.

बळीराम : सांगतलं होतं ना!

नूपुर : हो. ... काका, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसता? जुन्या औषधांची नावं काकूंना विचारून लिहून घेते.

बळीराम : तिलेच विचारा. आमच्याकडं तसंच आहे. मी चौथी शिकलो, ते बी ढकलून ढकलून. ही मॅट्रिक पास. कागद ती वाचते, कपडा मी वाचतो. लग्नापासून तेच चालू आहे.

(बळीराम बाहेरच्या बाकावर. दार लोटलेलं.)

नूपुर : काकू, चकत्या तुम्ही लावल्या.

अंजनाबाई : मी काहून लावीन?

नूपुर : मघाचं ते झाकण लालभडक आहे. हे बघा. काका त्याला मातकट म्हणाले, उजव्या डोळ्यानं. त्या डोळ्याची बाहुली उजेडाला आळशासारखी हलते. अशा डोळ्याला पंधरापैकी पंधरा लागत नाहीत. माझेसुद्धा कधी कधी एक-दोन चुकतात. रागावत नाहीये मी.

अंजनाबाई : तुम्ही लिहून टाका ना तेवढं. पंधराच्या पंधरा. तुमचं काय जाते?

नूपुर : तसं लिहिलं, तर सर म्हणतील उजवी नस शाबूत आहे, महिनाभराने बघू. आणि त्या महिन्यात उजवाही डाव्यासारखा होईल.

अंजनाबाई : नस.

नूपुर : हो. डोळ्यामागची नस. तुम्हाला माहीत आहे का काही?

अंजनाबाई : ... माहीत आहे.

नूपुर : कोणी सांगितलं?

अंजनाबाई : कॅन्सरच्या डॉक्टरनं. शेक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. मले अन् मेघाले, माह्या पोरीले, आत बोलावलं. म्हणले, गाठ डोळ्याच्या नसेले चिकटून आहे. गाठ जाळायची म्हणजे नसेलेबी थोडा शेक बसणारच. लगेच काही होत नाही. पण नसेले रक्त पोचवणाऱ्या केसासारख्या नळ्या असतात, त्या हळूहळू बंद पडू शकतात. वर्षानं, दोन वर्षानं. शंभरात पाच-सात लोकायले होते. चांगले होते ते डॉक्टर. कागदावर चित्र काढून दाखवलं.

नूपुर : आणि काकांना?

अंजनाबाई : मीच म्हणलं, त्यायले नका सांगू.

नूपुर : का पण?

अंजनाबाई : माहे सासरे बी रफूच करत. म्हातारपणी दोन्ही डोळे गेले. बारा वर्षं ओट्यावर बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्याले हात लावून पाहत. बायांच्या पदरालेबी. त्यायच्या मनात काही नव्हतं हो, कपडाच पाहत. पण लोक ओरडत. एकानं तर हातावर मारलं. ते पाहून हे म्हणले होते, माह्यावर ही पाळी आली त मले ठेवू नका. मंग मी कशी सांगू, की गाठ जाईन पण डोळे जातीन? ते शेकाच्या टेबलावरून उठून घरी आले असते.

नूपुर : सही कोणी केली?

अंजनाबाई : त्यायनंच. मी कागद वाचून दाखवला. तेवढी एक ओळ सोडून. पाच-सात म्हणले ना, म्याडम. मले वाटलं, शंभरात त्र्याण्णव आपण असू.

नूपुर : उजव्याचं कधी लक्षात आलं तुमच्या?

अंजनाबाई : डाव्याचं दिवाळीत. तवा हे मोतीबिंदू म्हणले, मी बी हाव म्हणलं. उजव्याचं संक्रांतीनंतर. भावाच्या पोरीचं लग्न होतं नरखेडले, आठ दिवस गेली होती मी. आली त मनोहरराव वकील कोट घेऊन टेबलापाशी उभे. हे चहाले गेलेले. वकीलसाहेब म्हणले, अंजनाबाई, कोर्टात कोणाच्या ध्यानात नाही आलं, बाहेर उन्हात आलो त ज्युनिअर पोट्टे हसाले लागले. काळ्या कोटाले, कोपरावर, हिरवा धागा. गर्द हिरवा. रफू एकदम नंबरी, एक टाका इकडचा तिकडं नाही. पण हिरवा.

नूपुर : मग?

अंजनाबाई : ते म्हणले, बळीरामले नका सांगू. घरी नेऊन मीच उसवला, मीच भरला. त्यायच्यासारखा नाही जमला. त्या दिवसापासून कंबर दुखते म्हणते, घरी बसवत नाही म्हणते, अन् रोज त्यायच्या बाजूले जाऊन बसते. रिळं मीच काढून देते. डब्यात रंगाप्रमाणं ओळीनं लावून ठेवते. ते कपड्याच्या आतल्या शिवणीतूनच धागा काढतात बहुतेक, तेवढं निभते. नाही निघाला त मी हातात रीळ देते.

नूपुर : म्हणजे चकत्या लावायची तुम्हाला सवय होती.

अंजनाबाई : हात आपसूक गेला, म्याडम. खरं सांगते. त्यायनं सगळं उलटंपालटं लावलं होतं, अन् ते हसून राहिले होते.

नूपुर : काकू, एक औषध आहे. सलाइनमधून देतात, दर तीन आठवड्यांनी. नसेची सूज उतरते, काहींची नजर आहे तिथे टिकते. सगळ्यांची नाही. डाव्यासाठी उशीर झाला. उजव्यासाठी देता येईल.

अंजनाबाई : औषध आहे?

नूपुर : आहे. नस जिवंत असेपर्यंतच त्याचा उपयोग.

अंजनाबाई : त्या डॉक्टरनं म्हणलं होतं, डोळ्यात काही फरक वाटला त त्याच दिवशी घेऊन या. मले आठवत होतं. दिवाळीत बी आठवलं. पण आणलं असतं त त्यायनं विचारलं असतं, डोळ्यासाठी कॅन्सरच्या डॉक्टरकडं काहून? मंग मले सांगावं लागलं असतं, की मले माहीत होतं. ... म्याडम, दिवाळीत आणलं असतं त? सांगा ना.

नूपुर : शक्यता जास्त होती. खात्री तेव्हाही नव्हती. याच्यापेक्षा जास्त मी सांगितलं, तर ते खोटं होईल. इकडूनही आणि तिकडूनही.

बळीराम : काय वं, औषधाची नावं लिहून राहिली का पुराण? येऊ का आत?

नूपुर : या, काका. एकदा परत लावायच्यात.

बळीराम : काहून? बरोबर आल्या होत्या ना?

नूपुर : माझी चूक झाली. मी समोर नव्हते. नियम असा की मी समोर बसायचं. काकू, तुम्ही त्या भिंतीजवळच्या खुर्चीवर बसा.

बळीराम : तिले काहून तिकडं पाठवता?

नूपुर : लावा, काका. घाई नाही.

बळीराम : ... निळ्याले ही. मंग ही. ... ही. ... ही अन् ही तर ... चालते, ठेवून देऊ. ... झालं, घ्या. यावेळी खडखड नाही झाली.

नूपुर : उलटी करते. एक. पंधरा. दोन. तीन. चौदा. तेरा. चार ...

बळीराम : थांबा. एकाच्या बाजूले पंधरा कसा?

नूपुर : निळ्याच्या पुढे तुम्ही एकदम जांभळी ठेवलीत. तिच्यापुढे परत हिरवट.

बळीराम : मले त्या एकाच थानातल्या दिसल्या.

नूपुर : हो. तशाच दिसणार.

बळीराम : मघाशी तू लावल्या होत्या.

अंजनाबाई : हाव.

बळीराम : घरच्या रिळासारख्या. मले वाटे, डब्यात रिळं बदलली काहून? माहा डबा असा नव्हता. माहा म्हणजे नुसता कचरा, हात घातला की पाहिजे ते हाताले लागे. मी म्हणलं, म्हातारपणी हिले साफसफाईचं याड लागलं. अन् तुही कंबर?

अंजनाबाई : कंबरेले काही नाही.

बळीराम : कधीपासून?

अंजनाबाई : मनोहररावाच्या कोटापासून. हिरवा धागा भरला होता तुम्ही.

बळीराम : वकिलाच्या कोटाले? मी?

अंजनाबाई : हाव.

बळीराम : वकिलाले माहीत. बाजूच्या बटनवाल्या गोविंदाले?

अंजनाबाई : त्यालेबी.

बळीराम : म्हणूनच गिऱ्हाईक आलं की तो 'वहिनी, मरून रंगाचं रीळ पायजे' असा ओरडे. मी म्हणलं, याले काय करायचं माह्या मरूनशी! म्हणजे साऱ्या लायनीले माहीत. एक मलेच नाही.

नूपुर : काका, हा मोतीबिंदू नाही. डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. रेडिएशननं गाठ गेली, पण शेजारी असलेल्या नसेलाही त्याचा मार बसला. तो उशिरा दिसतो, दीड-दोन वर्षांनी. आधी रंग जातात. मग बाकीचं.

बळीराम : मोतीबिंदू नाही.

नूपुर : नाही.

बळीराम : मंग रफू करा ना नसेले. मी कपड्याच्याच आतून धागा काढतो, जिथं दिसत नाही तिथून, अन् भोकात भरतो. तसं काही?

नूपुर : नसेचा धागा असा काढता येत नाही, काका. एकदा गेला की गेला. जेवढे उरलेत तेवढे टिकवायला औषध आहे. तेही टिकवेलच असं नाही.

बळीराम : हे शेक द्यायच्या आधी कोणाले माहीत नव्हतं?

अंजनाबाई : माहीत होतं.

बळीराम : कोणाले?

अंजनाबाई : डॉक्टरले. मेघाले. मले.

बळीराम : ... मी सही केली त्या कागदावर होतं?

अंजनाबाई : होतं. मी वाचलं नाही ते.

बळीराम : तू वाचलं नाही.

अंजनाबाई : तुम्ही नाही म्हणले असते.

बळीराम : म्हणलोच असतो.

अंजनाबाई : म्हणूनच नाही वाचलं.

बळीराम : मंग मेलो असतो.

अंजनाबाई : हाव.

बळीराम : दोन्ही डोळे घेऊन.

अंजनाबाई : हाव. दोन्ही डोळे घेऊन.

बळीराम : ते मी ठरवायचं होतं ना वं. अडतीस वर्षं. लाईटचं बिल असो, पोरीच्या शाळेचा दाखला असो, तू वाचलं अन् मी अंगठ्यासारखी सही केली. एकदा बी विचारलं नाही, काही सुटलं का म्हणून. ... रडू नको. इथं नको रडू.

अंजनाबाई : तुम्ही ओट्यावर बसलेले दिसत होते मले. अन् तुम्ही नसलेला ओटा बी दिसत होता. मले दुसरं नाही पाहवलं.

बळीराम : माहा बाप बारा वर्षं बसला. पण त्याले सांगून बसवलं होतं.

नूपुर : काका, पाणी घ्या.

बळीराम : नको. म्याडम, ते औषध. आज देता येते?

नूपुर : सर बघतील, रक्त तपासावं लागेल, ब्लड प्रेशर. सगळं ठीक असलं तर उद्या सकाळी. त्याआधी हे संमतीपत्र लागतं. मराठीतच आहे. मी वाचून दाखवते.

बळीराम : तुम्ही नका वाचू.

नूपुर : काका, नियमाप्रमाणे मलाच ...

बळीराम : तुम्ही समोर बसा ना. नियम आहे ना, समोर बसायचा? बसा. कागद आमच्याकडं ही वाचते. अंजना, घे.

अंजनाबाई : मी नाही वाचू शकत.

बळीराम : चष्मा पिशवीत आहे तुहा. घाल.

अंजनाबाई : अहो ...

बळीराम : अन् बारीक अक्षरं बी वाचजो. मी आयकून राहिलो.

अंजनाबाई : ... 'मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की, माझ्या डोळ्याच्या आजारासाठी मला सलाइनमधून औषध देण्यात येणार आहे. या औषधाने रक्तदाब वाढू शकतो. नाकातून किंवा इतर ठिकाणाहून रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित रुग्णांमध्ये ...'

बळीराम : वाच.

अंजनाबाई : 'क्वचित रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊ शकतो.'

बळीराम : किती लोकायले होते, म्याडम?

नूपुर : शंभरात एक-दोघांना. तुमचं हृदय, ब्लड प्रेशर आधी बघूनच देतील.

बळीराम : बरं. पुढं.

अंजनाबाई : 'औषध देऊनही नजर टिकेल अथवा परत येईल याची हमी देता येत नाही. दोन्ही डोळ्यांची नजर ...'

बळीराम : थांबली काहून?

अंजनाबाई : 'दोन्ही डोळ्यांची नजर कायमची जाऊ शकते, हे मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले आहे.'

बळीराम : 'मला' असंच लिहिलं आहे?

अंजनाबाई : हाव. असंच आहे.

बळीराम : बरं. आता पुढं वाच.